शंभरात चाळीस

आमच्या खेळात चोर मी होतो. ते काम माझ्या गळ्यात पडायचं कारण साधं होतं, चांगली कामं बाकीच्यांनी आधीच उचलली होती. एकाने तलवार घेतली, तो पैलवान. दुसऱ्याला मंत्र हवे होते, तो जादूगार. उरलं ते चोराचं. हा चोर खिसे कापणारा नव्हे. अंधाऱ्या भुयारात, मेलेल्या राजांच्या तळघरात सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि दाराला, पेटीला, जमिनीला कुठे सापळा लावलाय का ते हुडकायचं, हे त्याचं काम. कुलपातली विषारी सुई, वरून सुटणारा धोंडा, पायाखाली उघडणारी फळी, असं काहीही असू शकतं. सापळा सापडला तर शाबासकी, नाही सापडला तर पहिला मरणार तो. माझ्यासारख्या जन्मजात घाबरट माणसाला असलं काम मिळावं, याला काय म्हणायचं.

हे सगळं तोंडी आणि कागदावर चालायचं, बरं का. चौघं सतरंजीवर बसायचो. त्यातला एक मास्तर. भुयार त्याने आधीच रचून ठेवलेलं असायचं, कुठल्या दारामागे काय आहे ते त्यालाच ठाऊक. आम्ही विचारायचं, तो सांगायचा, आणि नशिबावर सोडायचं असेल तिथे आकडा काढायचा. नव्वदीची सुरुवात होती. जळगावला मेहरूणमध्ये एका अक्कांच्या घरी मागची खोली आम्ही दोघांनी भाड्याने घेतली होती आणि इंजिनिअरिंगला होतो. खेळाचा मास्तर म्हणजे माझा रूम पार्टनर. तो पहूरचा, घरी केळी आणि कपाशी. पैलवान आणि जादूगार दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि रविवारी दुपारी मुरमुरे घेऊन यायचे.

खेळ मी आणला होता. हे आताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर सांगायला जड जाणार नाही. माझा मामेभाऊ परदेशात शिकायला होता, तो सुट्टीत धुळ्याला आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या बॅगेत नियमांचं पुस्तक होतं. मी ते स्टँडसमोर झेरॉक्स करून घेतलं. झेरॉक्सवाल्याने घाईत डावीकडची दोन-दोन अक्षरं खाल्ली होती. खोलीवर आणून मी गंमत म्हणून पार्टनरच्या पुढ्यात टाकलं. तो आठवडाभर त्यातून उठलाच नाही. डोक्याने तल्लख पोरगा, पण आधीच गणिताचा एक पेपर दोनदा गेलेला. अशा माणसाच्या हातात मी ते दिलं.

सापळा शोधायचा नियम मोठा छळवादी होता. माझ्या चोराला शंभरात चाळीस संधी. दहा बाजूंचे फासे आमच्याकडे कुठले, म्हणून तांबोल्याच्या सोंगट्या पिशवीत घातल्या होत्या, एक ते नव्वद, आणि वरच्या दहा पुठ्ठ्याच्या कापून केल्या होत्या. पण आकडा मी काढायचा नाही. मास्तरने पिशवीत हात घालायचा, स्वतःच बघायचा, परत टाकायचा. आकडा चाळीसच्या आत आला आणि सापळा असला तर तो सांगायचा, नाहीतर फक्त एवढंच म्हणायचं, "तुला काही दिसत नाही." आता बघा. काही नाहीच म्हणून दिसत नाही, की आहे पण माझी नजर चुकली? ते कळायला मार्ग नाही. दोन्हीला वाक्य तेच. त्या वाक्यावर मी इतका वेळ घोळ घालत बसायचो की हातातला चहा गार व्हायचा.

म्हणून मी आकड्यावर विसंबायचं सोडलं. आधी तोंडी तपासणी करायला लागलो. दहा फुटी काठीने पुढची फरशी ठोकतो, म्हणायचो. कुलपाला तळवा लावत नाही, उलटा हात लावतो, म्हणायचो. हे पैलवानाने शिकवलं होतं, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला शेतकरी नेहमी उलटा हात लावून बघतो, म्हणजे करंट असला तर हात झटकला जातो, चिकटत नाही. जमिनीवर पखालीतलं पाणी ओततो, म्हणायचो, ते कुठल्या फटीत जिरतं ते बघू. हे ऐकून पार्टनर खूश झाला होता. वाफ्यात पाणी सोडलं की चढउतार आपोआप कळतो, हे त्याच्या घरचंच शास्त्र. असलं काही सुचवलं की तो आकड्यात दहा-वीस वाढवून द्यायचा.

पण माझी खरी युक्ती वेगळीच होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही. माझ्या लक्षात आलं की सापळा असला की पार्टनर पेन्सिलीला टोक करायला लागतो. अर्धं ब्लेड असायचं त्याच्याकडे, कागदात गुंडाळलेलं. मी म्हणायचो, "पेटी तपासतो," आणि पेटी साधी असली तर तो सरळ माझ्याकडे बघून आकडा काढायचा. सापळा असला की मान खाली, ब्लेड हातात, आणि पेन्सिलीची सालं सतरंजीवर. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तो तोंड लपवायचा. मग तो "काही दिसत नाही" म्हणाला तरी मी म्हणायचो, "मला शंका येतेय, मागे सरका." दर वेळी बरोबर निघायचं. माझी ख्याती झाली. पैलवान शिरपूरकडचा होता, रागावला किंवा घाबरला की अहिराणीवर यायचा. तो जादूगाराला दटावायचा, "याले इचार पहिले, नहीतं बठ्ठा मरी जासुत." मला आतून इतकं बरं वाटायचं की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घाबरटपणाला किंमत आली होती.

दिवाळीनंतर पार्टनरचे वडील खोलीवर आले. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो. केळीची फणी घेऊन आले होते. पार्टनर दूध आणायला गेला तेव्हा ते माझ्याजवळ सरकून बसले.

"तुमी धुयाचे ना? शहरातले हुशार पोरं तुमी," म्हणाले. "याचं गनित दोनदा गेलं. मी त्याले सांगेल हाये, या खेपीले नही निघालं तं घरी चाल. केयीले मानूस पाह्यजेच हाये मले. पन त्याची लई इच्छा हाये शिकाची. तुमी ध्यान ठेवजा त्याच्यावर."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो. पण त्या दिवसापासून माझ्या जीवाला घोर लागला. आबा जे म्हणाले ते करणारे होते. पेपर गेला की पोरगा गेला, हे नक्की. आणि त्याच्या टेबलावर गणिताच्या पुस्तकावर ग्राफ पेपरची चवड असायची, भुयारांचे नकाशे, एकेक खोली स्केलने आखलेली, भिंती काळ्या शाईने भरलेल्या. ते माझ्यामुळे होतं. खेळ बंद करू म्हणावं, तर रविवारची सगळ्यात जास्त वाट मीच बघायचो. खरं सांगायचं तर स्वार्थी होतो मी. मग मधला मार्ग म्हणून रोज त्याला विचारायचो, "अभ्यास झाला का रे?"

"झाला."

मी त्याचं तोंड निरखून बघायचो. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघायचा. वही बघितली तर गणितं सोडवलेली असायची, कुठली कधीची ते मी पाहिलं नाही. फरशी ठोकून, पाणी ओतून भुयारं तपासणारा मी, पण तुझं हॉल तिकीट मला एकदा दाखव, एवढं म्हणायचं मला सुचलं नाही.

डिसेंबरात त्याचा पेपर होता. माझे संपले होते. सकाळी त्याने गार पाण्याने अंघोळ केली, कंपास बॉक्स घेतला. अक्कांकडून मी वाटीत दही आणलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते खाल्लं आणि माझ्याकडे न बघता सायकल काढली. परीक्षेला जाणारा माणूस कुणाकडे बघतो, असं मी मनाला समजावलं. तीन तासांनी आला तेव्हा दारातच गाठलं त्याला. "बरा गेला," म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. असल्या जीवाला भांडं लहानच पडतं.

निकाल जानेवारीअखेरच्या एका सोमवारी लागणार होता. आदल्या रविवारी आम्ही खेळायला बसलो. पार्टनर म्हणाला, आज हे भुयार संपवायचंच, शेवटची खोली राहिलीय. सहा महिने आम्ही त्या एका भुयारात होतो. मला वाटलं, निकालाच्या टेन्शनमुळे त्याला हात मोकळे करून घ्यायचे असतील. बसल्या बसल्याच त्याने ब्लेड काढलं.

मी हबकलो. अजून आम्ही काही तपासलंही नव्हतं. पहिलाच साधा बोळ होता, आणि हा पेन्सिल सोलतोय. मी म्हणालो, थांबा, फरशीत काहीतरी आहे. काठीने ठोकली, पाणी ओतलं. तो म्हणाला, "काही दिसत नाही." सालं पडतच होती. आम्ही भिंतीला चिकटून तो बोळ ओलांडला. काही झालं नाही. पुढे पायऱ्या. पुन्हा तेच. एक पेन्सिल बोटाएवढी झाली तेव्हा त्याने दुसरी घेतली. माझ्या हिशोबाने त्या भुयारात पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि ह्या दोघांचे जीव माझ्या शब्दावर. कागदावरचे जीव, पण सहा महिने पोसलेले. जादूगार कंटाळून मुरमुऱ्यांतले शेंगदाणे वेचत होता.

दोन तासांनी आम्ही शेवटच्या दारापुढे पोचलो. साधं लाकडी दार, म्हणाला तो, कुलूपसुद्धा नाही.

"तपासतो," मी म्हणालो.

त्याने पिशवीत हातच घातला नाही. म्हणाला, "काही नाही रे तिथं. उघडा."

"काय शे रे तठे?" पैलवानाने मला विचारलं.

मी पार्टनरच्या हाताकडे बघितलं. ब्लेड इतकं दाबून चालत होतं की शिसं तुटलं. इतका मोठा सापळा त्याने आजवर लावला नव्हता, याची मला खात्री पटली. आणि वर तो आपणहून उघडा म्हणतोय. मी म्हणालो, "उघडायचं नाही. परत फिरायचं."

"खरंच काही नाही," तो म्हणाला. "मी सांगतो ना. एकदाचं उघडा आणि संपवा. मग मला बोलायचंय."

पैलवान हसायला लागला. "देखा, मास्तर कसा फसाडी ऱ्हायना." जादूगारही हसला. मीही हसलो, चांगला मोठ्याने, कारण मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटत होता. आम्ही दार न उघडता परत फिरलो. पार्टनर "बरं" म्हणाला आणि सोंगट्या पिशवीत भरायला लागला. त्यानंतर चहा झाला. कशाबद्दल बोलायचं होतं, हे आमच्यातल्या कुणी त्याला विचारलं नाही.

सोमवारी मी जागा झालो तेव्हा तो खोलीत नव्हता. आधीच कॉलेजला गेला असेल म्हणून मीही सायकल हाणली. बोर्डाभोवती ही गर्दी. माझा नंबर पहिल्या वर्गात होता. मग गणितवाल्यांची यादी शोधली, आणि तिथे उभं राहून मला कळलं की त्याचा नंबरच मला माहीत नाही. पार्टनर कुठेच दिसेना. शेवटी खिडकीवर जाऊन क्लार्कला त्याचं नाव सांगितलं. त्याने रजिस्टर दोनदा चाळलं आणि म्हणाला, "हे नाव नाही. या पोराने परीक्षेचा फॉर्मच भरलेला नाही."

मी म्हटलं, "असं कसं, पेपर दिलाय त्याने, मी स्वतः दही दिलं त्याच्या हातावर."

क्लार्कने रजिस्टर मिटलं. मागचा ढकलायला लागला तसा मी बाजूला झालो.

पेन्सिल आठवली. तुटलेलं शिसं आठवलं. मग बोलायचंय म्हणाला होता, आणि आम्ही हसलो होतो. मी सायकल खोलीकडे न वळवता तलावाकडे घेतली. का ते सांगायला नको. त्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका पोराचं तसं झालं होतं. थंडीतसुद्धा शर्ट अंगाला चिकटला होता. मेहरूणच्या तलावावर म्हशी धुणारा एक माणूस होता, त्याला विचारलं, निळ्या स्वेटरातला पोरगा पाहिला का. नाही म्हणाला. काठाने अख्खा फेरा मारला. पाण्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. कुठे काही दिसत नव्हतं, आणि दिसत नाही याचा अर्थ काय काय असू शकतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं. देवा, पुन्हा त्या कागदांना हात लावणार नाही, एवढंच मनात म्हणत होतो.

खोलीवर आलो तर अक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "तुझा पार्टनर पहाटेच गेला. पहूरची गाडी पकडायची म्हणत होता. तोंड उतरलं होतं पोराचं, चहा पाजला मी." मी त्यांच्यापुढेच ओट्यावर बसलो आणि रडलो. त्यांना वाटलं मी नापास झालो. राहू दे, पुढच्या वेळी निघेल, म्हणाल्या.

बुधवारी तो आबांना घेऊन आला, सामान न्यायला. आबा नळावर पाय धुवायला गेले तेवढ्यात आम्ही दोघं खोलीत होतो. फॉर्मची तारीख नकाशाच्या नादात निघून गेली, म्हणाला, आणि मग सांगायची हिंमत झाली नाही. पेपरच्या दिवशी तीन तास तो स्टँडवर बसून होता. "रविवारी सांगणार होतो तुम्हाला. ते दार उघडलं की खेळ संपला, मग सांगायचं असं ठरवलं होतं. तू उघडूच दिलं नाहीस."

"मला वाटलं सापळा आहे," मी म्हणालो.

"माहितीय," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. पुस्तकं ट्रंकेत भरत होता.

आबा आत आले. रागावतील, निदान मला तरी चार शब्द सुनावतील असं वाटत होतं. तयारी केली होती मी, सगळं सांगायची. खेळ काय, कुणी आणला, सगळं. पण ते टेबलापाशी गेले आणि ग्राफ पेपरची चवड उचलून बघायला लागले. एकेक कागद उजेडाकडे धरून. आडव्या उभ्या रेघा, बारीक आकडे, शाईने भरलेल्या भिंती.

"हे याचं हाये?" त्यांनी मला विचारलं.

"हो, आबा."

"अभ्यासाचं?"

पार्टनरचे हात ट्रंकेत थांबले. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "ड्रॉइंग आहे," मी म्हणालो. "इंजिनिअरिंगचं."

आबांनी कागद नीट सरळ केले, खिशातून सुतळी काढून बांधले. "पाहा ना, किती मेहनत करेल हाये पोरानं," म्हणाले. आवाज जड झाला होता त्यांचा. "मी घरी बसून त्यालेच बोलत व्हतो. नशिबात नसीन तं तो काय करीन." पार्टनर पुन्हा पुस्तकं भरायला लागला. मी त्या वेळी बोलायला हवं होतं, आणि बोललो नाही, याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही.

जाताना आबा दारात थांबले. "तुमचा निकाल काय लागला?"

"पास झालो."

"कितीनं?"

"फर्स्ट क्लास आला, आबा."

त्यांचा चेहरा खुलला. खरोखर खुलला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हे बेस झालं. गाडीत मले सारखा हाच घोर व्हता. आपल्या पोराच्या नादानं तुमचं नुकसान नको व्हायले, म्हटलं."

"नाही झालं, आबा," मी म्हणालो, आणि ट्रंकेचं एक कडं धरून त्यांच्याबरोबर रिक्षापर्यंत गेलो.